राजघराण्याचा चित्रकार आणि पंचावाले गांधीजी

दिल्लीचं जुनं संसद भवन. २०२३ पासून त्याचं नाव संविधान सदन. तिथल्या सेंट्रल हॉलमध्ये व्यासपीठावरच्या कमानीत महात्मा गांधींचं तैलचित्र आहे. टीव्हीवर आपण ते कितीदा तरी पाहिलंय. पण ते काढलं कोणी, असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील.

चित्रकाराचं नाव ऑस्वल्ड बर्ली. जन्म न्यूझीलंडचा, कर्तबगारी लंडनची. तिथल्या बड्या घरांचा हा लाडका चित्रकार. राजे पाचवे जॉर्ज, राणी मेरी, चर्चिल... गांधीजी ज्या साम्राज्याशी झगडले, त्याची सगळी शिखरं याच्या कॅनव्हासवर! आणि याच हातानं रंगवलेल्या गांधीजींच्या चित्राचं अनावरण २८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, डॉ. राजेंद्रप्रसादांनी केलं. चित्र देशाला भेट दिलं होतं भावनगरच्या ए. पी. पट्टणींनी.

आता याआधीची सतरा वर्षं आठवा. १९३० साली दिल्लीत व्हाइसरॉयच्या नव्या प्रासादासाठी राजघराण्याची चित्रं हवी होती. त्यासाठी मुंबईचे जहांगीर लालकाका आणि कोलकात्याचे अतुल बोस विलायतेला गेले. काम काय? तिथल्या राजचित्रांच्या नकला करायच्या! दोघेही नावाजलेले, पण राजाचा मूळ चेहरा रंगवायचा मान गोऱ्या चित्रकाराचा, आपल्याकडे आली ती प्रतिकृती.

श्रीमंतांची चित्रं काढणाऱ्यांना कलाजगत थोडं नाक मुरडतं. पैसे देणाऱ्याला खूश करणारे, असा शिक्का बसतो. तो अगदीच खोटा नाही. जरीचा काठ, मोत्यांचा सर, छातीवरची पदकं छान उतरली की गिऱ्हाईक निम्मं खूश. बडी माणसं तासन्‌तास बसायला तयार नसतात, म्हणून चित्रकार मिळेल त्या वेळात आधी चेहऱ्याचा तैलरंगात अभ्यास करून घेतो. कपडे नंतर पुतळ्याला किंवा दुसऱ्या कुणाला घालून सावकाश रंगवले तरी चालतात. चेहऱ्याच्या बाबतीत ही सोय नाही. आणि समोर गांधीजी असले तर? ना मोती, ना मखमल. लपायला जागाच नाही.

त्याच हॉलमध्ये लोकमान्य टिळकांचं तैलचित्र आहे. ते मात्र आपल्या मराठी माणसाचं, गोपाळ देऊसकरांचं. टिळकांच्या जन्मशताब्दीला, जुलै १९५६ मध्ये, पंडित नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. देऊसकर १९११ साली अहमदनगरला जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, निजामाच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकादमीत गेले. संस्थानिकांची चित्रं काढण्यात त्यांचा हातखंडा. पण टिळक गेले १९२० मध्ये, तेव्हा हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा! म्हणजे समोर बसवायला माणूसच नाही, आधार फोटोंचा.

आणि त्या काळचा फोटो म्हणजे काळा-पांढरा. पगडी लाल होती हे सगळ्यांना ठाऊक. कानशिलाचा रंग, उन्हात रापलेल्या मानेचा रंग, डोळ्यांखालची सावली कुठून आणायची? इथे बड्या घरांतली वर्षानुवर्षांची चाकरी कामी येते. शेकडो जिवंत चेहरे जवळून पाहिलेला चित्रकारच मेलेल्या फोटोत रक्त भरू शकतो. नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

आपल्या घरात तरी वेगळं काय होतं? आजोबा गेल्यावर लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा नखाएवढा चेहरा कापून चित्रकाराकडे देतात. वर सूचना काय, तर ‘जरा गोरे करा’! मग भिंतीवर जो येतो तो कुणीतरी देखणा अनोळखी गृहस्थ. आजी हार घालते, पण बघत नाही. त्यापेक्षा वडीलधारी असतानाच खिडकीजवळ बसवून, दिवसाच्या उजेडात, समोरून आणि बाजूने चार चांगले फोटो काढून ठेवावेत. चित्र काढायला दिलं, तर चित्रकाराजवळ त्यांना पाहिलेलं एखादं माणूस बसवावं, आणि रंगाबद्दल त्याला खरं सांगू द्यावं.

देऊसकरांचं काम पाहायला दिल्ली गाठायची गरज नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी त्यांनी बालगंधर्वांची दोन चित्रं केली. एकात नारायणराव राजहंस पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्रीवेषात. पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा दहा मिनिटं आधी पोहोचा, आणि दोन्हींतले फक्त डोळे ताडून पाहा.