झाडीपट्टीत जावे, पण केव्हा व कसे?

सुटी जवळ आली म्हणजे नागपुरातील घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी महाबळेश्वरास जावयाचे ठरवितो, कोणी पचमढीस, तर कोणी गोव्यास. परंतु आपल्या शहराच्या पूर्वेस, अवघ्या काही तासांच्या वाटेवर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत जो शांत व तळ्यांनी भरलेला मुलूख पसरला आहे, त्याची आठवण फारच थोड्यांस होते. हीच आपली झाडीपट्टी. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव, नागझिऱ्याचे अरण्य, वैनगंगेच्या काठचे मार्कंड्याचे मंदिर आणि हिवाळ्यात रात्रभर चालणारी नाटके हे तिचे वैभव होय. या रंगभूमीच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांस सन 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे पुष्कळ शहरवासीयांस तिचे नाव कळले!

हा प्रदेश आपल्या मुलांनी अवश्य पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु तितक्याच स्पष्टपणे आम्हांस हेही सांगावयाचे आहे की, तेथे जाणाऱ्याने आपल्या सोयीचे पंचांग बाजूस ठेवून गावाचे पंचांग हाती घेतले पाहिजे. थंड हवेच्या ठिकाणी पाहुणा हाच तेथील लोकांचा व्यवसाय असतो. खेड्यात तसे नाही. तेथे पाहुण्यासाठी दिलेला दिवस हा शेतातून काढून घेतलेला दिवस असतो.

हे पंचांग अवघड नाही. जुलै व ऑगस्ट हे रोवण्याचे महिने. तेव्हा घरातील सर्व माणसे चिखलात उभी असतात. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीस येते व त्यामागोमाग भारी धान. मार्चएप्रिलात पहाटे उठून मोहफुले वेचावयाची असतात, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या तोडणीवर कित्येक कुटुंबांची रोकड मिळकत अवलंबून असते. म्हणजे आमच्या दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या दोन्ही मोठ्या सुट्या त्यांच्या कामाच्या ऐन गर्दीत पडतात. उरते ती नाताळची सुटी. त्या वेळी कापणी बहुतेक उरकलेली असते, हवा सुखद असते आणि नाटकांचा हंगाम भरात असतो. तेव्हा नाताळ ते जानेवारीअखेर हाच काळ सर्वांत योग्य होय.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत साकोलीकडील एका दूरच्या आप्ताकडे आगाऊ न कळविता चार दिवस राहावयास गेले. यजमानांनी हसतमुखाने स्वागत केले. घरची सून स्वयंपाकात गुंतली व कर्ता पुरुष पाहुण्यांस तलाव दाखविण्यात गुंतला. कापलेल्या धानाच्या कडपा मात्र बांधीतच पडून होत्या. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला व सारे धान भिजून गेले. यजमान त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. पुष्कळ दिवसांनी तिऱ्हाइताच्या तोंडून ती गोष्ट पाहुण्यांस कळली. त्यांचा हेतू वाईट होता काय? मुळीच नाही. त्यांनी केवळ विचारले नव्हते.

अविचाराने यजमानाची हानी होते, तशी प्रवाशाचीही होते. नागपुरात शिक्षणाचा पाया घालणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण आपणांस परिचित असेल. सन 1845 मध्ये ते येथे आले व अठरा वर्षे त्यांनी या भागातील खेडीपाडी पायांखाली घातली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून एकटेच परतत असता, बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. टाकळघाट झाडीपट्टीत नसले, तरी नदीनाल्यांचा स्वभाव सर्वत्र एकच. ज्यांस हा मुलूख तळहातासारखा ठाऊक होता त्यांची ही गत. मग आपली काय कथा? ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांत हाहाकार उडविला, आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग अनेक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. म्हणून पावसाळ्यात तिकडे जाऊच नये. जावे लागले तर पुलावरून पाणी वाहत असता वाहन घालू नये, व सूर्यास्तानंतर अनोळखी वाटेवर राहू नये.

आता तयारीविषयी दोन शब्द. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वडसा हे स्थानक आहे. नाटक मंडळ्यांचे ते मुख्य ठाणे. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. म्हणून घोंगडी अथवा जाड चादर, कानटोपी व विजेरी जवळ असावी. रात्रभर जागून पहाटे मोटार हाकीत परत निघू नये. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विश्रांतीची सोय आधीच करावी. जंगलातील गावांत मोबाईल चालेलच असे नाही. सबब यजमानांचा पत्ता, गाडीच्या वेळा व जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे ठिकाण कागदावर लिहून घ्यावे व त्याची एक प्रत घरी ठेवावी. गडचिरोलीकडे हिवतापाचा उपद्रव मोठा आहे. मच्छरदाणी न्यावी, आणि परत आल्यावर ताप आला तर आपण कोठे गेलो होतो हे डॉक्टरांस प्रथम सांगावे. ब्रह्मपुरी व वडसा भागांत वाघ राखीव वनाबाहेरही वावरतात. तेव्हा पहाटे अथवा तिन्हीसांजेस रानवाटेने हिंडणे हे धाडस नव्हे, मूर्खपणा होय.

एटापल्ली व भामरागडकडील माडिया गावे पहिल्याच प्रवासात गाठण्याचा हट्ट धरू नये. हेमलकसा येथे 1973 मध्ये सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प पाहावयाचा असल्यास आधी अनुमती घ्यावी. कारण ते प्रथम रुग्णालय व शाळा आहे, प्रेक्षणीय स्थळ मागाहून. कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. घरी उतरविणारे यजमान पैसे घेणार नाहीत. तेव्हा निघताना त्यांच्याकडील तांदूळ योग्य भावाने विकत घ्यावा. त्यात त्यांचा मान राहतो व आपले ओझेही हलके होते.

काही पालक म्हणतील, इतकी यातायात करण्यापेक्षा मुलांस शहरातच का ठेवू नये? आमचे उत्तर असे की, ही यातायात हेच शिक्षण आहे. आपल्या ताटातील भात कोणाच्या श्रमाने पिकतो हे जाणून, त्या श्रमाची वेळ सांभाळून पाहुणा होणे, हे पुस्तकातून येत नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टान्त शुभवर्तमानात आहे. आम्ही त्यास एवढीच पुस्ती जोडतो की, हिशेब करताना आपल्या खर्चाबरोबर यजमानाचाही खर्च मांडावा.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, या नाताळात जावयाचे असेल तर आजच त्या गावी विचारणा करा: "आम्ही येऊ इच्छितो; आपणांस कोणते दिवस सोयीचे?" उत्तर येईपर्यंत सामान बांधू नका.