घर कुणाचे?

वाशीच्या आमच्या इमारतीतली सर्वांत जुनी वस्तू म्हणजे मी, असे नात म्हणते. सिडकोने १९७० नंतर आखलेल्या शहरात तिला जुने घर दाखवायचे तरी कुठले? म्हणून गेल्या रविवारी तिला गावदेवीला मणिभवनात नेले. गांधीजींची खोली पाहिली, चरखा पाहिला, १९३२च्या ४ जानेवारीला पहाटे त्यांना अटक झाली ती गच्ची पाहिली. खाली उतरताना तिने विचारले, "आजोबा, हे घर गांधीजींचं होतं?"

नव्हते. घर रेवाशंकर जगजीवन झवेरी या व्यापाऱ्याचे. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजी तिथे उतरत. पाहुण्याच्या पुण्याईने घर तरले. यजमान कसा राहत होता, हे पाहायला मात्र तिथे कुणी जात नाही.

जपानमधल्या ताकायामाला कुसाकाबे या व्यापारी कुटुंबाचे लाकडी घर आहे. १८७५च्या आगीत जळालेले घर त्यांनी १८७९ साली पुन्हा उभारले. १९६६ साली सरकारने ते राष्ट्राची महत्त्वाची सांस्कृतिक ठेव ठरवले. सुताराचे काम उत्तम आहे आणि व्यापारी कसा जगत होता ते दिसते, एवढे कारण तिथे पुरले.

आमचेही पनवेलला घर होते. पणजोबा तांदळाचे व्यापारी. ओटीवर गादी-लोड, मागे कोठार, माडीवर माणसे. ते बिल्डरला दिले तेव्हा सही मीही केली. गळके छप्पर, सात वाटेकरी आणि कोर्टाच्या तारखा! म्हणून वाडे विकणाऱ्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पण पाडण्याआधी मोजमापे घेतली असती, चार फोटो काढले असते, तर काय बिघडले असते? मी दाराची कडीसुद्धा आणली नाही.

पनवेलला १८५२ सालीच नगरपालिका मिळाली. २०१६ साली महानगरपालिका झाली. तिने एखादा वाडा रास्त मोबदला देऊन घ्यावा. थोर पुरुषाचा नव्हे, साध्या व्यापाऱ्याचा. सगळा भार घरच्यांवर टाकून वारसा टिकत नाही.

घरी आल्यावर नातीने कागद पुढे केला. "आपलं घर काढून दाखवा ना." ओटी काढली, कोठार काढले. माडीचा जिना उजवीकडे होता की डावीकडे, ते काही केल्या आठवेना.