इच्छामरण : इच्छा कुणाची?

अरुणा शानबाग प्रकरणावर लिहिताना वृत्तपत्रांनी आणि (खेदाने म्हणावे लागते) मराठीच्या काही प्राध्यापकांनीही ‘इच्छामरण’ हा शब्द सर्रास वापरला. इच्छा कुणाची? १९७३ मध्ये केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यापासून २०१५ मधील मृत्यूपर्यंत त्या आपली इच्छा शब्दांत सांगू शकल्या नाहीत. पिंकी विराणींची याचिका दयेपोटी होती, परिचारिकांचा विरोधही दयेपोटीच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुश्रूषा करणाऱ्यांनाच त्यांचे सुहृद मानून याचिका फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. याला दयामरण म्हणतात. इच्छामरण भीष्माचे; शरपंजरीही त्याची वाचा शाबूत होती.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. रुग्णाने आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला न्यायालयाची मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. २०२३ मध्ये प्रक्रिया सुलभ झाली : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, म्हणजे आमच्याकडे ग्रामपंचायतीत. हातखंब्याच्या तिठ्यावरून रुग्णाला रत्नागिरीला न्यायचे की कोल्हापूरला, हे नातेवाईक घाईघाईत ठरवतात. त्या घटकेला त्याच्या वतीने बोलेल तो हा कागदच. पण दया आणि इच्छा एकाच शब्दात कोंबल्यावर असा कागद करावा, हे कुणाला सुचणार?

वर्गात अभिधा-लक्षणा शिकवणाऱ्यांनी तरी हा घोळ चालवून घेऊ नये. पुढच्या अंतर्गत परीक्षेत मी हा प्रश्न घालणार आहे.