बिनफिर्यादीची शिक्षा

पुण्यातील ज्या वसतिगृहात माझी महाविद्यालयीन वर्षे गेली, तेथील भोजनगृहात लाकडी बाकांच्या दोन लांब रांगा होत्या, आणि कोणी कोठे बसावे याविषयी व्यवस्थापनाचा काहीही नियम नसताना आम्हा मुलींना तो नियम मात्र तोंडपाठ होता. एका वर्षी आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेतील मुख्य भूमिका, जी आमच्यातल्या सर्वांत मानाच्या मुलीकडे जाणार असे साऱ्यांनी गृहीत धरले होते, ती तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका मितभाषी मुलीला मिळाली. आणि त्या रात्री ती ताट घेऊन नेहमीच्या जागी बसताच तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली, चकार शब्द न बोलता, आपापली ताटे उचलून पलीकडच्या बाकावर गेल्या. त्या दोघींपैकी एक मी होते.

तिच्याशी कोणी भांडले नाही, तिला कोणी अपशब्द वापरला नाही, आणि म्हणूनच रेक्टरबाईंच्या दप्तरात या प्रकाराची एका ओळीचीही नोंद झाली नाही. ती खोलीत आली की बोलणे थांबे, ती निघून गेली की पुन्हा सुरू होई, आणि तिने सरळ विचारलेच, तर ‘कुठे काय?’ एवढेच उत्तर मिळे. आपण नेमके काय केले हे तिला कोणी सांगितले नाही, कारण तिने काही केलेलेच नव्हते.

या कृत्याला आपल्या गावगाड्यात फार जुने नाव आहे: वाळीत टाकणे. जातपंचायतींनी कुटुंबेच्या कुटुंबे अशी उद्ध्वस्त केली, त्याविरुद्ध कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, आणि अखेर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने अस्तित्वात आलेल्या या कायद्यान्वये बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु जातपंचायतीत, ती कितीही अन्यायी असो, निदान पंच कोण हे ठाऊक असते, आरोप उच्चारला जातो आणि दंड भरून परत येण्याची एखादी वाट तरी असते. तरुण मुलींच्या अलिखित पंचायतीत ना फिर्यादी असतो ना फिर्याद, ना जबानी घेतली जाते ना निकाल ऐकवला जातो. फक्त शिक्षेची अंमलबजावणी होते, आणि तिची मुदत किती हे शिक्षा देणारीलाही माहीत नसते.

आमच्या काळी या शिक्षेला एक सीमा होती, ती म्हणजे दिवाळीची सुट्टी: एस. टी. गावच्या वाटेला लागली की वसतिगृह मागे पडे, आणि घरी आईच्या हातचे जेवताना शेजारचा बाक रिकामा नसे. आज ती सीमा उरलेली नाही. आजची मुलगी घरी आली तरी तिचा ग्रुप तिच्या उशाशी असतो. सगळ्यांचा एक ग्रुप असून तिला वगळून दुसरा काढला आहे, हे तिला कोणाच्या तरी चुकून पडलेल्या शब्दावरून कळते. तिने पाठवलेला निरोप सर्वांनी पाहिला आहे आणि उत्तर एकीनेही दिलेले नाही, याचा पुरावा निळ्या खुणांच्या रूपाने तिच्या डोळ्यांसमोर रात्रभर राहतो. ज्या सहलीला तिला बोलावले नव्हते, त्या सहलीची छायाचित्रे पाहण्याची सक्ती तिच्यावर कोणी करत नाही हे खरे. पण एकोणिसाव्या वर्षी ती न पाहण्याचे बळ किती जणींच्या अंगी असते?

अशा वेळी एक आयते उत्तर पुढे येते की बायकाच बायकांच्या वैरी. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की त्याविषयी स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य समजते. कुजबुज, बदनामी, वगळणे या छुप्या आक्रमकतेविषयीच्या १४८ अभ्यासांचा एकत्रित विचार करणारे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात मुलगे व मुली यांच्यातील फरक नगण्य आढळला. तेव्हा हा दोष स्त्रीस्वभावाचा नव्हे. मग मुलींच्या आयुष्यात ही स्पर्धा इतकी तीव्र का होते, याचे कारण मुलींच्या मनाबाहेर शोधले पाहिजे, आणि ते फार दूर नाही. ज्या घरात ‘ती शेजारची बघ कशी राहते’ या वाक्याने सकाळ उजाडते, ज्या समाजात वधूचा रंग आणि उंची आजही जाहिरातीत छापली जाते आणि पाहण्याच्या कार्यक्रमात तिची पारख परके लोक करतात, तेथे मुलीला लहानपणापासून एकच धडा मिळतो: तुझे मोल इतरांच्या नजरेत ठरते, आणि ती नजर एका वेळी एकीवरच स्थिरावते. जागा एकच आहे असे ज्यांना शिकवले, त्या एकमेकींना ढकलू लागल्या, तर दोष ढकलणाऱ्या हातांइतकाच ती जागा आखणाऱ्यांचाही आहे.

लोकप्रियता या शब्दानेही आपली फसगत केली आहे. पार्कहर्स्ट आणि हॉपमेयर या अमेरिकन संशोधकांनी १९९८ साली शाळकरी मुलामुलींना दोन वेगवेगळे प्रश्न विचारले: तुम्हाला कोण आवडते, आणि तुमच्यात लोकप्रिय कोण आहे? दोन्ही उत्तरांत बरीचशी नावे वेगळी निघाली. ज्यांना लोकप्रिय म्हटले गेले त्यांतील अनेक जण सोबत्यांना वर्चस्व गाजवणारे वाटत होते. आणि जे मनापासून आवडत होते ते दयाळू व विश्वासू म्हणून ओळखले जात होते. आमच्या भोजनगृहातील ती मानाची मुलगी आठवली की याचा अर्थ मला पुरता उमगतो. तिच्यावर आमचे प्रेम नव्हते. उद्या आपल्या शेजारचे ताट उचलले जाईल हे भय होते. आणि आज मला वाटते की त्या भयात तीही आमच्याइतकीच कैद होती, कारण मिळालेला मान रोज राखावा लागतो आणि मिळालेला स्नेह राखण्यासाठी कोणाला दूर लोटावे लागत नाही.

स्पर्धाच नको, असे माझे म्हणणे नाही. भोंडल्याच्या खेळात झाकल्या डब्यातली खिरापत कोणालाही ओळखू येऊ नये यासाठी घराघरात केवढी चुरस असे. पण डबा उघडला की खिरापत सगळ्यांच्या हातावर पडे, आणि जिची खिरापत ओळखली गेली तिलाही वाटा मिळे. चुरशीनंतर वाटा मिळतो की बहिष्कार, एवढाच खरा प्रश्न आहे. वाटून घेण्याचे एक उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. सावित्रीबाई फुले १८५६ साली आजारपणामुळे नायगावी माहेरी राहिल्या असता त्यांनी जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात त्यांची सहशिक्षिका फातिमा शेख हिचा उल्लेख आहे: माझ्या अनुपस्थितीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. शेणगोळ्यांच्या त्या काळात दोघींपुढचे मुलींना शिकवण्याचे काम इतके मोठे होते की एकीचा मान हा दुसरीचा तोटा ठरण्यास तेथे जागाच नव्हती. आपल्या मुलींना आपण असे समाईक काम किती देतो? क्रमांक लावण्याच्या प्रसंगांइतके एकत्र काही उभारण्याचे प्रसंग त्यांच्या वाट्याला येतात का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने आणि प्राध्यापकाने स्वतःला विचारावा.

आणि मुलींना मला एकच गोष्ट सांगायची आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले, तेव्हा इतर सर्वांनी मिळून चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश वेळा विद्यार्थी डोळ्यांदेखतचे सत्य सोडून त्यांच्यामागे जात. ते विद्यार्थी तरुण पुरुष होते, हे मुद्दाम सांगते. परंतु खरे उत्तर देणारा एक सोबती मिळताच हे प्रमाण घटून पूर्वीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आले. एकजूट मोडण्यास बहुमत लागत नाही, एक माणूस पुरतो.

आमच्या वसतिगृहात तो माणूस पहिल्या वर्षाची एक मुलगी निघाली. तिसरा आठवडा सरत आला असता ती एका रात्री उशिरा जेवायला आली, तिने रिकाम्या बाकाकडे पाहिले, आणि कोणाकडेही न पाहता आपले ताट त्या एकटीच्या शेजारी ठेवून ‘जरा आमटी सरकव ना’ एवढेच म्हणाली. दुसऱ्या रात्री तेथे तिघी होत्या, आणि आठवडाभरात तो बाक पूर्ववत भरला. कोणी माफी मागितली नाही, मीही नाही. ते ताट माझे नव्हते, ही खंत इतक्या वर्षांनंतरही गेलेली नाही. आज हे वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या वर्गात किंवा मेसमध्ये असा एखादा बाक रिकामा असेल, तर तिने ती खंत आयुष्यभर वागवू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.