पोटगीला मुदत, भेटीला नाही

मे महिना जवळ आला की कौटुंबिक न्यायालयांत एका ठरावीक अर्जाची गर्दी होते. घटस्फोटाचा दावा चालू असलेला बाप सुट्टीतले काही दिवस मूल आपल्याकडे राहावे म्हणून अर्ज करतो. समोरची बाजू म्हणणे द्यायला वेळ मागते, तारीख पडते, त्या दिवशी वकील दुसऱ्या कोर्टात असतात किंवा न्यायाधीश रजेवर. तोवर जून उजाडतो, शाळा सुरू होते आणि अर्जात अर्थ उरत नाही. बापाला कोणी नाही म्हटलेले नसते, पण मूल त्याच्या घरी आलेले नसते.

याचे खापर केवळ न्यायालयांवरच्या ताणावर फोडता येणार नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण या तिन्हींबद्दल बोलते. २००१च्या दुरुस्तीने या कलमात एक चांगली तरतूद आली: दावा चालू असताना मुलाच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. मात्र त्याच कलमातला ताबा या मुदतीबाहेर राहिला आणि त्याच्याबरोबर भेटही. म्हणजे बापाचा पैसा मुलापर्यंत कधी पोहोचावा हे कायद्याने ठरवले, बाप कधी पोहोचावा हे ठरवले नाही. पोटगीची मुदत सैल करा, असे आमचे अजिबात म्हणणे नाही. आई-बापाच्या भांडणात मुलाची फी थकता कामा नये. पण जी निकड दुधाच्या आणि फीच्या पैशाला आहे, ती मुलाच्या बापाला भेटण्यालाही आहे.

कारण या प्रकरणात विलंब नुसता विलंब राहत नाही, तो पुरावा होतो. दावा दाखल होताना तीन वर्षांचे असलेले मूल निकालाच्या वेळी दुसरी-तिसरीत गेलेले असते. मधल्या काळात बाप त्याला न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकाच्या नजरेसमोर, महिन्यातून एक-दोन शनिवारी दोन तास भेटलेला असतो. तिथे ना गृहपाठ घेता येतो, ना ताप आल्यावर रात्र जागता येते. खाऊ आणि खेळणी देऊन वेळ निघून जातो. मग अंतिम सुनावणीत सांगितले जाते की मूल आता आईकडे रुळले आहे, बापाकडे राहायला बुजते. हे खरेही असते. पण ते बुजणे व्यवस्थेनेच घडवलेले असते आणि त्याची किंमत बापाकडून वसूल होते.

मुलाचे कान भरले जातात, ही तक्रारही निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये एका निकालात या प्रकाराची स्पष्ट दखल घेतली. त्या खटल्यात मूल बापाकडे होते आणि न्यायालयाने ते आईकडे सोपवले, हे पुरुषांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरू नये. ज्याच्या हाती मूल, त्याच्या हाती मुलाचे मन. २०२०मध्ये याच न्यायालयाने सांगितले की दोन्ही पालकांचे प्रेम हा मुलाचा हक्क आहे आणि प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन, व्हिडिओ कॉलवरून संपर्काची सोयही आदेशात असावी. तत्त्व एवढे स्वच्छ असताना खालच्या पायरीवर बापाला पहिल्या भेटीच्या आदेशासाठी महिनोन् महिने खेटे घालावे लागतात.

मुळात आपला कायदा बापाकडे कसे पाहतो, हे तपासायला हवे. १९५६च्या पालकत्व कायद्याने बापाला पहिला नैसर्गिक पालक ठरवले, आईला त्याच्यानंतर. गीता हरिहरन यांच्या १९९९च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'नंतर'ची धार बोथट केली, तरी कलम तसेच आहे. आणि तेच कलम पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे, असेही म्हणते. सह्या आणि मालमत्तेसाठी बाप. न्हाऊमाखू घालण्यासाठी, भरवण्यासाठी आई. बाईला दुय्यम ठरवणारा आणि पुरुषाला मुलापासून तोडणारा विचार असा एकच आहे. प्रसूतीसाठी आईला २६ आठवडे रजा देणारा देश खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही देत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. आज डबा भरणारे, लसीकरणाच्या तारखा सांभाळणारे बाप घराघरांत आहेत. कायद्याला ते अजून दिसलेले नाहीत.

भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणारे पुरुष स्वतःच्या बाजूची माती करतात, हेही सांगायला हवे. त्यात उपासमार मुलाची होते. जिथे मारहाण आहे, तिथे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २१ दंडाधिकाऱ्यांना भेट नाकारण्याचा अधिकार देतेच, आणि तो राहिला पाहिजे. पण अशी प्रकरणे वेगळी काढण्यासाठीही अर्ज लवकर ऐकावा लागतो. तो पडून राहिला की चांगला बाप आणि धोकादायक बाप एकाच रांगेत उभे राहतात.

विधी आयोगाने २०१५मध्ये, २५७व्या अहवालात, आई आणि बाप दोघांना एकाच दर्जाचे नैसर्गिक पालक माना आणि संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणा, अशी शिफारस केली. प्रत्येक मुलाचे दिवस निम्मे-निम्मे वाटून टाका, असे आयोगाने म्हटले नाही, आणि ते योग्यच केले. तान्हे बाळ, शाळकरी मूल आणि वेगळ्या गावात राहणारे आई-बाप यांना एकच माप लागू पडत नाही. तो अहवाल मात्र दशकभर तसाच पडून आहे.

महाराष्ट्राने संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. विवाह, घटस्फोट आणि अज्ञान मुले हे विषय समवर्ती सूचीत आहेत. राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने कलम २६मध्ये भेटीचा अर्ज ६० दिवसांच्या मुदतीत आणता येईल. त्याहून लवकर होण्याजोगे काम उच्च न्यायालयाच्या हातात आहे, कारण कौटुंबिक न्यायालयांच्या कामकाजाचे नियम तेच करते. पहिल्याच आदेशात मुलाची प्रगतिपुस्तके आणि आजारपणाची माहिती दोन्ही पालकांना मिळावी असे लिहावे, बापाविरुद्ध ठोस आक्षेप नसेल तर भेट त्याच्या घरी आणि रात्रीच्या मुक्कामासह असावी, आणि मे महिन्याच्या सुट्टीचे वेळापत्रक जानेवारीतच ठरून जावे.