दुधारी ब्लेडच्या बाजूने

दुधारी ब्लेडच्या जुन्या धाटणीच्या रेझरवर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. तो कापतो, तो वेळ खातो आणि तीन-पाच ब्लेडांच्या कार्ट्रिजपुढे तो मागासलेला आहे. तिन्हींचा समाचार घ्यायचाच आहे. पण ज्या गोष्टीबद्दल फारसं कोणी बोलत नाही ती आधी सांगतो, कारण बाकी सगळे मुद्दे तिच्यातून निघतात. ती गोष्ट म्हणजे, या ब्लेडवर कोणाचीही मालकी नाही.

सुरुवातीला ती होती. किंग कँप जिलेट यांनी 1901 मध्ये कंपनी काढली. पोलादाची कागदासारखी पातळ पट्टी कडक कशी करायची, हा सगळ्यात अवघड प्रश्न विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवला आणि 1904 मध्ये जिलेट यांना पेटंट मिळालं. विक्रीच्या पहिल्या वर्षी, 1903 मध्ये, 51 रेझर खपले होते. पुढच्या वर्षी हा आकडा 90 हजारांच्या घरात गेला. रेझर फुकटासारखा द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचं ही युक्ती जिलेट यांची, असं व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवलं जातं. इतिहास वेगळा आहे. पेटंट हातात होतं तोवर रेझर पाच डॉलरला विकला जात होता आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. 1921 मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हा कुठे मूळ रेझरची किंमत खाली आली. मग ज्याला जमेल तो हे ब्लेड बनवू लागला. 1930 च्या सुमारास मधल्या लांबट खाचेचा आकार ठरून गेला आणि तो आजही तसाच आहे.

याचा परिणाम आपल्या बाथरूममधल्या फळीपर्यंत पोचतो. जर्मनीत झोलिंगेनला बनलेल्या रेझरमध्ये ठाण्यात बनलेलं सुपरमॅक्सचं ब्लेड चपखल बसतं. आजोबांच्या पेटीतल्या पितळी रेझरमध्ये जपानचं फेदर बसतं. एका कंपनीने भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचं पाकीट उचलतं, रेझर बदलावा लागत नाही. कार्ट्रिजचं तसं नाही. प्रत्येक घराण्याचा सांधा वेगळा. एकदा दांडा घेतला की पुढची कित्येक वर्षं त्याच कंपनीच्या दारात उभं राहायचं. 1998 मध्ये बाजारात आलेल्या जिलेटच्या तीन ब्लेडांच्या मॅक थ्रीवर सुमारे 75 कोटी डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. हा पैसा कंपनीने कोणाकडून वसूल केला, हे उघड आहे. पुढे अमेरिकेत घरपोच स्वस्त रेझर देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हा 2017 मध्ये जिलेटने तिथले भाव 20 टक्क्यांपर्यंत उतरवले. स्पर्धा येताच जो भाव इतका उतरू शकतो, त्यात आधी बंदिस्त गिऱ्हाइकाच्या असहायतेची किंमत किती होती?

आता पहिला आक्षेप. कापतं म्हणे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सलूनमध्ये जाऊन बसा. कारागीर कागदासकट ब्लेड दोन्ही हातांच्या बोटांत धरतो, मधोमध वाकवतो, टक् असा आवाज होतो आणि ब्लेडचे दोन तुकडे पडतात. एक तुकडा वस्तऱ्याच्या खाचेत सरकतो, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदात राहतो. हे तेच दुधारी ब्लेड आहे आणि तिथे तर त्याच्यापुढे संरक्षक पट्टीसुद्धा नाही. तरी आपण मान मागे टाकून निर्धास्त डोळे मिटतो, कारण कारागिराच्या हाताला ब्लेड धरायचा कोन ठाऊक असतो. म्हणजे प्रश्न ब्लेडचा नाही, हाताच्या सवयीचा आहे. आणि ही सवय लागते. रेझरमध्ये तर कंपनीने अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असतं, कारण ब्लेड वरच्या टोपीखाली दबलेलं असतं आणि त्याची धार जेमतेम बाहेर डोकावते.

कापण्याचं खरं कारण म्हणजे दाबण्याची खोड, आणि ती कार्ट्रिजने लावलेली आहे. कार्ट्रिजचं हलतं डोकं दाबलं तरी चालवून घेतं. इथे तसं चालत नाही. रेझरच्या डोक्याचा वरचा भाग गालावर टेकवा, म्हणजे दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर राहील. मग दांडा हळूहळू खाली आणत जा. एका क्षणी धार त्वचेला लागल्याचं जाणवतं आणि खुंट कापले जात असल्याचा बारीक खरखर आवाज येतो. तोच कोन, साधारण 30 अंशांचा. त्यापुढे जोर लावायचा नाही. धातूच्या रेझरचं वजन पुरेसं असतं. हात बोट-दोन बोटं सरकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. आवाज बंद पडला की समजावं, कोन सुटला.

आणखी एक गैरसमज असा की नवं ब्लेड जास्त कापतं. एमआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केससुद्धा ब्लेडच्या धारेचे सूक्ष्म कपचे पाडतो. केस वाकून धारेला तिरका भिडतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे कपचा उडतो. दाढीच्या वेळी ओढ बसते ती अशा धारेमुळे, आणि ओढ बसली की माणूस दाबतो. म्हणून ब्लेड वेळेवर बदलणं ही सुरक्षिततेची पहिली अट. इथे मालकीचा मुद्दा पुन्हा येतो. जे ब्लेड काही रुपयांत मिळतं ते माणूस बिनदिक्कत चार-पाच दाढ्यांनंतर बाजूला ठेवतो. शंभर-दीडशे रुपयांची कार्ट्रिज मात्र महिना-दीड महिना ओढली जाते, कारण ती टाकताना जिवावर येतं. काचेच्या पेल्यात आतून घासून ब्लेडला धार लावणारी पिढी आपल्या घरांनी पाहिली आहे. त्यांची काटकसर टंचाईतून आली होती. आज तशी टंचाई नाही, मग गालाला त्रास कशासाठी?

वेळेचा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. चार-पाच मिनिटं जास्त जातात. पण त्यातली बरीचशी केस भिजण्यात जातात आणि ती कार्ट्रिजवाल्यांनीही द्यायलाच हवीत. केस पाणी पितो तसा मऊ होतो. दोन-तीन मिनिटं भिजलेला खुंट कोरड्यापेक्षा कितीतरी सहज कापला जातो. अंघोळीनंतर दाढी करा, किंवा कोमट पाण्याने चेहरा नीट भिजवा. ब्रशला क्रीम लावून थोडं थोडं पाणी घेत दाट फेस करा. डब्यातून फुस्कन निघणारा फेस दिसायला भरघोस असतो, पण त्यात ओलावा कमी. ज्याला सकाळची गाडी पकडायची आहे त्याने घाईत नव्याने हा रेझर धरू नये. रविवारी शिकावं.

तिसरा आक्षेप म्हणजे जास्त ब्लेड, जास्त गुळगुळीत. यामागची कल्पना अशी की पहिलं ब्लेड केस किंचित वर ओढतं आणि तो परत आत जाण्याआधी दुसरं त्याला खालून कापतं. त्यामुळे केसाचं टोक त्वचेच्या पातळीखाली राहू शकतं. सरळ, मऊ केसांच्या माणसाला याचा काही त्रास होत नाही. कुरळ्या, राठ दाढीच्या माणसाच्या मानेवर मात्र वाढणारा केस वळून कातडीतच शिरतो आणि फोड येतात. अशा माणसांना त्वचारोगतज्ज्ञ फार जवळून दाढी करू नका असंच सांगतात. गुळगुळीतपणा हे दाढीचं एकमेव माप नव्हे. दुसऱ्या दिवशी मानेची आग होते का, हेही माप आहे.

या वादात भारताचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. जिलेटने इथल्यासाठी आणायचा रेझर आधी एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांना तो पसंत पडला. भारतात आणल्यावर तो फसला, कारण इथे पुष्कळ लोक मगभर पाण्यात दाढी करतात आणि नळाच्या धारेविना ब्लेडांमध्ये अडकलेले केस निघत नव्हते. मग माणसांच्या घरी जाऊन पाहणी झाली आणि 2010 मध्ये 15 रुपयांचा 'गार्ड' नावाचा रेझर आला, 5 रुपयांच्या कार्ट्रिजसह. त्यात ब्लेड किती? एक. पाच ब्लेडं विकणारी कंपनी गरज नीट पाहिल्यावर एकाच ब्लेडवर आली, याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही. गार्ड चांगली वस्तू आहे, तिची निंदा करणार नाही. पण मगभर पाण्यात दोनदा हलवला की साफ होणारा दुधारी रेझर त्याच्या किती तरी आधीपासून आपल्या घरांत होता. त्याचं ब्लेड तेव्हाही कोणत्याही कंपनीचं चालायचं आणि आजही चालतं.

खंडन केवळ विरोधकांचंच करून भागणार नाही. या रेझरच्या भक्तांनीही त्याचं नुकसान केलं आहे. हजारो रुपयांचा परदेशी रेझर, बिजूच्या केसांचा ब्रश, लाकडी वाडग्यातला साबण, एवढं सगळं जमवल्याशिवाय सुरुवातच करू नये असा त्यांचा थाट असतो. झोलिंगेनचे मर्कुर किंवा शेफील्डचे एडविन जॅगर उत्तम आहेत यात वाद नाही. परवडत असेल तर जरूर घ्या. पण ज्या वस्तूचं मोठेपण ती सगळ्यांची आहे यात आहे, तिला मूठभरांचा शौक करून टाकणं मला साफ नामंजूर आहे.

पहिला रेझर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ब्लेडच्या धारेपुढची पट्टी सलग असावी. फणीसारखे दाते असलेला रेझर दाट, वाढलेल्या दाढीसाठी ठीक, नवख्यासाठी नाही. तीन सुटे भाग होणारा रेझर घ्यावा. मुठीचा तळ फिरवला की दारं उघडणारे रेझर सोयीचे वाटतात, पण त्यांची यंत्रणा साबणाने जाम होते. तिसरी गोष्ट आटे. बहुतेक स्वस्त रेझरांची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वर क्रोमचा मुलामा. फार आवळलं किंवा फरशीवर पडलं की आट्यांची दांडी मोडते. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा रेझर मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत. ब्लेड बसवताना ते आखूड बाजूंनी धरा. आवळल्यावर रेझर उजेडाकडे धरून दोन्ही अंगांना धार सारखीच डोकावते का पाहा. एकीकडे जास्त दिसत असेल तर सैल करून पुन्हा बसवा; नवख्याच्या निम्म्या जखमा या तिरक्या बसलेल्या ब्लेडमुळे होतात असं माझं ठाम मत आहे.

ब्लेड कोणतं, याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. फेदर अतिशय धारदार, म्हणून पहिल्या महिन्यात नको. सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स, विल्किन्सन यांतलं जे दुकानात मिळेल त्याची एकेक पाकिटं आणून पाहा; आपली दाढीच निकाल देते. वापरून झाल्यावर ब्लेड टॉवेलने पुसू नका. धारेवर पातळ लेप असतो, तो आणि धार दोन्ही खराब होतात. पाण्यात हलवा आणि झटका, बस.

गालावर हात फिरवून केस कुठल्या दिशेने वाढतात ते आधी पाहा. मानेवर ते अनेकांचे आडवे असतात. पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात प्रत्येकाने मारायलाच हवा असं नाही. शेवटी गार पाणी आणि ओल्या चेहऱ्यावर तुरटी. ही तुरटी आपली स्वतःची असावी. एकच खडा सगळ्यांच्या ओरखड्यांवरून फिरवणं ही रक्तातून पसरणाऱ्या आजारांना वाट आहे.

काही जणांनी या वाटेला जाऊ नये, हेही सांगितलंच पाहिजे. ज्यांचा हात थरथरतो, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्यासाठी विजेचं यंत्र बरं. विमानात ब्लेड हातातल्या सामानात नेता येत नाही, त्या प्रवासापुरती कार्ट्रिज ठेवा.

आणि धोक्याचा मुद्दा एका जागी शंभर टक्के खरा आहे. मात्र तो धोका दाढी करणाऱ्याला नाही. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं की ते दुसऱ्या दिवशी उघड्या हातांनी कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात घुसतं. दुधारी ब्लेड वापरायचं असेल तर त्याचा शेवटही आपणच नीट करायचा. पत्र्याचा एक जुना डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद करा. वापरलेलं प्रत्येक ब्लेड त्यातच गेलं पाहिजे. डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की चिरेवरही पट्टी लावा, वर ठळक अक्षरांत 'ब्लेड' असं लिहा आणि आत काय आहे ते तोंडाने सांगून मगच तो कचरा नेणाऱ्याच्या हातात द्या.