माहिती फुटली, भरपाई कोणास?

2024 साली स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची वैद्यकीय कागदपत्रे टेलिग्रामवर उघडी पडली. दारव्ह्यातील एखाद्या कुटुंबाने विश्वासाने दिलेला कागदही असा जगभर फिरू शकतो.

अशा वेळी प्रथम पासवर्ड बदलावा; ओटीपी कोणासही सांगू नये. खात्यातून रक्कम गेल्यास तत्काळ बँकेस व 1930 या क्रमांकावर कळवावे. प्रत्येक तक्रारीची पोच जपावी. पुढे तीच पुरावा ठरते.

भरपाई मिळते काय? 2013 साली महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी पुण्यातील एका तक्रारदारास 45 लाख रुपये देण्याचा आदेश पंजाब नॅशनल बँकेस दिला. त्याचे सुमारे 80 लाख गेले होते. मात्र फसव्या ई-मेलला त्याने स्वतःच उत्तर दिले होते, म्हणून काही भार त्याच्यावरही राहिला. सावधगिरीचे मोल यात दिसते.

आता चिंतेची बाब. निष्काळजी कंपनीकडून भरपाई देवविणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43अ 2023 च्या नव्या कायद्याने वगळले आहे. नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेनुसार 18 महिन्यांनी ते संपुष्टात येईल. नव्या कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु तो सरकारी तिजोरीत जमा होईल. ज्याची हानी झाली त्याचे हात रिकामेच! हा न्याय आम्हांस अपुरा वाटतो.

तरीही यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. शुभवर्तमानातील विधवेने न्यायाधीशाचा पिच्छा सोडला नाही. आपणही सोडू नये.